द्युती चंद प्रकरण : शंका कशाची होती आणि तपासले काय गेले

जुलै २०१३मध्ये पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातून आलेल्या द्युती चंद या १७ वर्षांच्या मुलीने तेथे महिलांच्या २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. वर्षभराने, जुलै २०१४मध्ये, ग्लासगो येथील राष्ट्रकुल स्पर्धेला अवघे काही दिवस उरले असताना तिला भारतीय संघातून वगळण्यात आले. तिने कोणतेही उत्तेजक द्रव्य घेतले नव्हते आणि तिच्या हातून कोणताही नियमभंग झाला नव्हता. तिच्या शरीरात निसर्गतः तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण महिला खेळाडूंसाठी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, एवढेच कारण होते. जैविक लिंग (शरीराची जडणघडण), लिंगभाव (स्त्री वा पुरुष म्हणून असलेली सामाजिक ओळख) आणि लिंगभावाविषयीच्या साचेबद्ध कल्पना या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की एका माणसाच्या आयुष्यात काय घडू शकते, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण त्यातील जवळजवळ प्रत्येक टप्पा खेळांतील वाद सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाच्या निवाड्यात नोंदवला गेला आहे.

द्युतीचा जन्म ३ फेब्रुवारी १९९६ रोजी एका विणकर कुटुंबात झाला. हातमागावर पोट असलेल्या घरात सात भावंडे होती. थोरली बहीण सरस्वती धावपटू होती आणि तिच्या मागे धावत धावतच द्युती या खेळात आली. २०१२मध्ये ती १८ वर्षांखालील गटात १०० मीटरची राष्ट्रीय विजेती झाली, २०१३मध्ये जागतिक युवा स्पर्धेत १०० मीटरच्या अंतिम फेरीत पोहोचणारी पहिली भारतीय ठरली आणि जून २०१४मध्ये तैपेई येथील आशियाई कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत तिने २०० मीटर व ४ × ४०० मीटर रिले या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदक जिंकले. कुजबूज सुरू झाली ती या सुवर्णपदकांनंतर. तिचे स्नायू फार ठळक आहेत, तिची टांग उंचीच्या मानाने फार लांब पडते, तिचा बांधा ‘पुरुषी’ दिसतो, अशा स्वरूपाचे ते आक्षेप होते.

येथे जरा थांबणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणाचा उगम कोणत्याही प्रयोगशाळेत झालेला नाही. तो पाहणाऱ्याच्या नजरेत झाला. स्त्रीचे शरीर कसे दिसावे याचा एक साचा मनात आधीच तयार होता आणि द्युती त्या साच्यात बसली नाही. मग भारताच्या राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने भारतीय क्रीडा प्राधिकरणाला पत्र लिहून या खेळाडूच्या लिंगभावाविषयी शंका असल्याचे कळवले. तिला दिल्लीला बोलावून सोनोग्राफी करण्यात आली आणि ही नेहमीची वैद्यकीय तपासणी असल्याची तिची समजूत करून देण्यात आली. त्यानंतर बंगळुरूमध्ये रक्त, गुणसूत्रे, एमआरआय आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून अंगतपासणी अशी मालिका झाली. काय तपासले जात आहे आणि कशासाठी, हे १८ वर्षांच्या मुलीला नीट सांगितले गेले नाही. निकाल तिला धड समजण्यापूर्वीच बातम्या बाहेर पडल्या आणि गावाकडच्या तिच्या घरापर्यंत ‘मुलगी आहे की मुलगा’ हा प्रश्न जाऊन पोहोचला.

आता या घटनाक्रमात वापरल्या गेलेल्या शब्दांकडे पाहू. पत्रात शंका व्यक्त झाली ती लिंगभावाची. यंत्रांनी मोजले ते जैविक लिंगाचे काही घटक. आणि या सर्वाला चालना मिळाली ती एका साचेबद्ध कल्पनेतून. म्हणजे प्रश्न एका पातळीवरचा, उत्तर दुसऱ्या पातळीवरचे आणि कारण तिसऱ्या पातळीवरचे, असा हा गुंता होता.

मराठीत हा गुंता अधिकच घट्ट होतो, कारण आपण शरीररचनेसाठी, सामाजिक ओळखीसाठी आणि व्याकरणासाठीही ‘लिंग’ हा एकच शब्द वापरत आलो आहोत. स्त्री-अभ्यासाच्या क्षेत्रात सामाजिक बाजूसाठी ‘लिंगभाव’ हा शब्द आता रुळला आहे आणि तो निश्चितच वापरावा. मात्र व्याकरणातील लिंगाचे उदाहरणही येथे बोलके आहे. दगड पुल्लिंगी, माती स्त्रीलिंगी आणि पाणी नपुंसकलिंगी असते, पण दगडाच्या अंगी पुरुषपणा असतो असे कोणी मानत नाही. हा संकेत आपण इतक्या लहानपणी शिकतो की तो शिकलेला आहे याचाच विसर पडतो. त्याहून सूचक आहेत त्या सुरा आणि सुरी, दोर आणि दोरी, गाडा आणि गाडी यांसारख्या जोड्या. वस्तू तीच, ती मोठी, जाड, बळकट असली की पुल्लिंगी होते आणि लहान, बारीक, नाजूक असली की स्त्रीलिंगी होते. मोठेपणा आणि ताकद पुरुषाकडे, लहानपणा आणि नाजूकपणा स्त्रीकडे, ही वाटणी आपण पाटीवर अक्षरे गिरवण्यापूर्वीच जिभेवर घेतलेली असते. कोल्हापूरच्या परंपरागत युद्धकलेला आपण ‘मर्दानी खेळ’ म्हणतो, आणि आज तो खेळणाऱ्या मुली आहेत तरी नाव तेच आहे. भित्र्या मुलाला ‘बायकी’ म्हणून हिणवणारी आणि दणकट मुलीला ‘पुरुषी’ म्हणून बाजूला काढणारी भाषा एकच आहे.

द्युतीला लागू झालेला नियम आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने २०११मध्ये केला होता. रक्तातील टेस्टोस्टेरॉन लिटरमागे १० नॅनोमोल किंवा त्याहून अधिक असेल, आणि शरीर त्या संप्रेरकाला प्रतिसाद देत असेल, तर संबंधित खेळाडूस महिला गटात खेळता येणार नाही, असे तो सांगत होता. बहुसंख्य स्त्रियांमध्ये हे प्रमाण साधारण ३च्या आत असते. ही मर्यादा दिसायला निखळ शास्त्रीय वाटते; परंतु कोणाची चाचणी घ्यायची हे ठरवण्यासाठी त्याच नियमावलीत ज्या शारीरिक खुणा दिल्या होत्या, त्यांत घोगरा आवाज, अंगावरील केसांचे प्रमाण, स्तनांची वाढ आणि स्नायूंचे वाढलेले वस्तुमान यांचा समावेश होता. सर्व महिलांची सरसकट चाचणी होत नव्हती. ज्या संशयास्पद दिसतील त्यांचीच होत होती. परिणामी, साचेबद्ध कल्पना दाराशी उभी राहून कोणाला आत पाठवायचे ते ठरवत होती आणि शास्त्राचे काम त्यानंतर सुरू होत होते.

संघातून वगळल्यानंतर द्युतीपुढे एक मार्ग ठेवण्यात आला. औषधोपचार किंवा शस्त्रक्रियेने टेस्टोस्टेरॉनची पातळी खाली आणली तर ती पुन्हा महिला गटात धावू शकेल, असे तिला सांगण्यात आले. हा पर्याय कागदावर साधा वाटतो, परंतु तो किती दूरवर जाऊ शकतो याचे एक उदाहरण वैद्यकीय नियतकालिकातच प्रसिद्ध झाले होते. विकसनशील देशांतील, १८ ते २१ वर्षे वयाच्या चार महिला खेळाडूंवर फ्रान्समध्ये शस्त्रक्रिया करून त्यांच्या अंतर्गत ग्रंथी काढण्यात आल्या होत्या आणि त्याबरोबर जननेंद्रियाच्या काही भागाचीही काटछाट करण्यात आली होती, जिचा धावण्याशी कोणताही संबंध नव्हता. ग्रंथी काढण्याचे निदान एक कारण तरी दिले जाऊ शकते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचे कारण एकच संभवते : स्त्रीचे शरीर ‘तसे’ दिसले पाहिजे.

द्युतीने नकार दिला. सप्टेंबर २०१४मध्ये राष्ट्रीय महासंघाला पाठवलेल्या पत्रात तिने आपली बाजू मांडली, आणि तिची मांडणी कोणत्याही पाठ्यपुस्तकातील व्याख्येइतकी स्पष्ट आहे. आपण पूर्णपणे निरोगी आहोत, आपल्याला कसलीही तक्रार नाही, तर मग केवळ स्त्री म्हणून स्पर्धेत उतरण्यासाठी आपले शरीर दुरुस्त का करून घ्यायचे, असे तिने विचारले. आपण स्त्री म्हणून जन्मलो, स्त्री म्हणून वाढलो, स्वतःला स्त्री मानतो आणि म्हणून इतर स्त्रियांबरोबर स्पर्धा करण्याची मुभा आपल्याला असली पाहिजे, असा तिचा युक्तिवाद होता. पहिला भाग जन्मवेळी नोंदवलेल्या लिंगाविषयी आहे, दुसरा घराने आणि गावाने दिलेल्या सामाजिक भूमिकेविषयी आणि तिसरा स्वतःच्या अंतःस्थ ओळखीविषयी. या तिन्ही पातळ्यांवर तिच्या मनात, तिच्या घरात वा तिच्या गावात कधीही संदिग्धता नव्हती. संदिग्धता बाहेरून आणली गेली.

२६ सप्टेंबर २०१४ रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवादाकडे अपील दाखल झाले. भारत सरकारने या लढाईत तिला पाठबळ दिले, संशोधक पायोष्णी मित्रा तिच्या सल्लागार म्हणून सोबत राहिल्या आणि कॅनडातील वकिलांनी मोबदला न घेता बाजू मांडली. हे नमूद केले पाहिजे, कारण २००६ साली तामिळनाडूच्या शांती सौंदरराजन या धावपटूच्या वाट्याला यातील काहीही आले नव्हते. दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये तिने रौप्यपदक मिळवले, लिंगचाचणीनंतर ते काढून घेण्यात आले आणि तिला ती बातमी सगळ्या देशाबरोबर ऐकावी लागली. तिने आत्महत्येचा प्रयत्न केला; पुढे काही काळ तिला वीटभट्टीवर मजुरी करावी लागली. दोन्ही मुली गरीब, ग्रामीण घरांतल्या. एकीच्या पाठीशी माणसे उभी राहिली आणि दुसरीच्या पाठीशी राहिली नाहीत, एवढाच दोघींच्या कहाणीत फरक आहे असे मला वाटते.

लवादासमोर मार्च २०१५मध्ये चार दिवस सुनावणी झाली आणि २४ जुलै २०१५ रोजी अंतरिम निवाडा आला. द्युती सर्व मुद्द्यांवर जिंकली, असा समज अनेकदा आढळतो. तो बरोबर नाही. टेस्टोस्टेरॉन आणि क्रीडाक्षमता यांचा संबंधच नाही, हे तिच्या बाजूला सिद्ध करता आले नाही. हा नियम म्हणजे मागल्या दाराने आणलेली उत्तेजकविरोधी शिक्षा आहे, हा मुद्दाही लवादाने फेटाळला. मात्र हा नियम केवळ स्त्रियांना लागू असल्याने आणि निसर्गदत्त शारीरिक गुणधर्मावर आधारित असल्याने सकृद्दर्शनी भेदभाव करणारा आहे, हे लवादाने स्वीकारले आणि म्हणून तो समर्थनीय असल्याचे दाखवण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय महासंघावर टाकली. अव्वल पुरुष आणि अव्वल महिला खेळाडूंच्या कामगिरीत सामान्यतः १० ते १२ टक्क्यांचे अंतर असते. नैसर्गिकपणे टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या स्त्रीला इतर स्त्रियांच्या तुलनेत मिळणारा लाभ या अंतराच्या जवळपास जाणारा आहे का, याचा पुरावा लवादाने मागितला. तो पुढे आला नाही. नियम २ वर्षांसाठी स्थगित झाला. त्याच निवाड्यात लवादाने हेही मान्य केले की खेळाच्या सोयीसाठी दोन गट केलेले असले तरी निसर्ग इतका नीटनेटका नाही आणि माणसाचे लिंग ठरवणारी एकमेव निर्णायक खूण अस्तित्वात नाही.

हे शेवटचे विधान वैद्यकीय दृष्ट्या नेमके काय सांगते, ते पाहू. जैविक लिंग ही एक गोष्ट नसून अनेक गोष्टींचा समुच्चय आहे : गुणसूत्रे, त्यांवरील जनुके, बीजग्रंथी, त्यांतून स्रवणारी संप्रेरके, त्या संप्रेरकांना पेशींनी दिलेला प्रतिसाद, अंतर्गत व बाह्य जननेंद्रिये आणि वयात येताना दिसू लागणारी लक्षणे. बहुसंख्य माणसांमध्ये हे सारे घटक एकाच दिशेने असतात, आणि म्हणूनच आपल्याला त्यांतील कोणत्याही एकावरून इतरांचा अंदाज बांधण्याची सवय लागलेली असते. काही माणसांमध्ये मात्र ते एका दिशेने नसतात. स्पेनची अडथळा शर्यतीतील धावपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो १९८५ साली जपानमधील जागतिक विद्यापीठ स्पर्धेत गुणसूत्र चाचणीत ‘अनुत्तीर्ण’ ठरली. तिची गुणसूत्रे एक्सवाय, म्हणजे सामान्यतः पुरुषांत आढळणारी, होती, परंतु तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नव्हत्या. त्यामुळे त्या संप्रेरकाचा लाभ तिला इतर कोणत्याही स्त्रीपेक्षा कमीच मिळत होता. तिने लढा दिला आणि १९८८मध्ये तिला पुन्हा पात्र ठरवण्यात आले. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ८ महिला अशाच चाचणीत अडकल्या आणि अखेर आठही जणींना खेळू देण्यात आले. १९६६ साली महिला खेळाडूंना डॉक्टरांपुढे विवस्त्र उभे राहावे लागत असे. १९६७-६८पासून गुणसूत्रे आली, २०११मध्ये संप्रेरक आले. प्रत्येक वेळी खूण बदलली, परंतु एकच खूण पुरेशी असावी हा आग्रह कायम राहिला.

द्युतीच्या गुणसूत्रांविषयी किंवा अवयवांविषयी मी येथे काहीही लिहिलेले नाही आणि ते हेतुतः लिहिलेले नाही. तिच्या रक्ताचा अहवाल समजल्याशिवाय हे प्रकरण समजणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या वाटण्याकडेच क्षणभर पाहावे. २०१४ साली तिच्याबाबत जे घडले त्याची सुरुवात याच कुतूहलापासून झाली होती.

दुसरी बाजू हलकी नाही आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. महिलांचा स्वतंत्र गट नसता तर बहुतेक शर्यतींच्या अंतिम फेरीत स्त्रिया दिसल्याच नसत्या. पहाटे उठून मैदानावर घाम गाळणाऱ्या हजारो मुलींसाठी तो गट हे संरक्षण आहे, आणि त्या गटाची सीमा कोठेतरी आखावीच लागणार, हे म्हणणे रास्त आहे. अडचण सीमा आखण्यात नाही. ती ज्या समजुतीने आखली जाते आणि जिच्यावर आखली जाते तिला कसे वागवले जाते, त्यात आहे. फिनलंडचा स्कीपटू ईरो मँतिरांता याच्या रक्तात एका जनुकीय बदलामुळे तांबड्या पेशी निसर्गतः असामान्य प्रमाणात तयार होत आणि १९६०च्या दशकात त्याने ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. त्याचा गुण देणगी समजला गेला. पुरुषाच्या शरीरातील असामान्यत्व त्याच्या पुरुषपणावर प्रश्नचिन्ह लावत नाही. स्त्रीच्या शरीरातील असामान्यत्व मात्र लगेच तिच्या स्त्रीत्वाची चौकशी सुरू करते. स्त्री वेगाने धावली तर त्यामागे पुरुषाचे काहीतरी असले पाहिजे, ही कल्पना टेस्टोस्टेरॉनला सरसकट ‘पुरुषी संप्रेरक’ म्हणण्यातही आहे, जेव्हा की ते प्रत्येक स्त्रीच्या शरीरात तयार होते.

स्थगितीनंतर द्युती रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरली. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा धावल्या होत्या, त्यानंतर महिलांच्या १०० मीटरमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय होती. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदके मिळवली. त्याच वर्षी आलेल्या नव्या नियमाने मर्यादा १०वरून ५ नॅनोमोलवर आणली, पण ती ४०० मीटर ते एक मैल या टप्प्यापुरतीच ठेवली. द्युती सुटली ती तिचे अंतर त्या टप्प्यात येत नव्हते म्हणून. दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या अडकली ती ८०० मीटर धावत होती म्हणून. १ मे २०१९ रोजी लवादाने सेमेन्याचे अपील दोन विरुद्ध एक मताने फेटाळताना नियम भेदभाव करणारा असल्याचे मान्य केले आणि तरीही तो आवश्यक ठरवला. जुलै २०२५मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तिला न्याय्य सुनावणी मिळाली नसल्याचा निर्णय दिला, परंतु मूळ नियमावर भाष्य केले नाही.

दोन गोष्टी नोंदवणे गरजेचे आहे, कारण त्या या प्रकरणात चुकीच्या जागी मिसळल्या जातात. मे २०१९मध्ये द्युतीने आपले एका मुलीवर प्रेम असल्याचे जाहीर केले. आकर्षण कोणाचे वाटते हा जैविक लिंग आणि लिंगभाव या दोन्हींहून वेगळा विषय आहे. ना तिच्या संप्रेरकांवरून तो ठरतो, ना तो तिच्या स्त्री असण्यावर काही सांगतो. दुसरी गोष्ट, २०२३मध्ये प्रतिबंधित द्रव्ये नमुन्यात आढळल्यामुळे तिच्यावर ४ वर्षांची बंदी आली. बाहेरून शरीरात गेलेले द्रव्य आणि शरीराने स्वतः तयार केलेले संप्रेरक यांतील भेद २०१५च्या निवाड्यातही पाळलेला होता. नंतरच्या बंदीचा आधार घेऊन २०१४ची वागणूक योग्य ठरवता येत नाही, आणि २०१४च्या अन्यायाचा आधार घेऊन नंतरची बंदी पुसताही येत नाही.

मार्च २०२३मध्ये मर्यादा २.५ नॅनोमोल झाली आणि ती सर्व शर्यतींना लागू करण्यात आली. १ सप्टेंबर २०२५पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूसाठी एसआरवाय या, सामान्यतः वाय गुणसूत्रावर असणाऱ्या, जनुकाची एकवेळची चाचणी सक्तीची आहे. सरसकट असल्यामुळे ती निदान दिसण्यावरून कोणाला वेगळे काढत नाही, हा तिच्यातला गुण म्हणता येईल. परंतु १९९०मध्ये या जनुकाचा शोध लावणाऱ्या संशोधकांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच तिला विरोध केला आहे : जनुक आहे की नाही एवढेच ती सांगते; ते काम करते का, त्यातून संप्रेरक तयार होते का आणि शरीर त्याला प्रतिसाद देते का, हे ती सांगत नाही. मार्तिनेस-पातिन्यो १९८५मध्ये ज्या उंबरठ्यावर अडली होती, त्याच उंबरठ्यावर आपण पुन्हा आलो आहोत. आज पुण्यातून किंवा जाजपूरमधून एखादी १७ वर्षांची मुलगी अशा स्पर्धेत धावायला निघाली, तर तिला आधी गालाच्या आतील पेशींचा किंवा रक्ताचा नमुना द्यावा लागतो. तिच्याबरोबर निघालेल्या मुलाला लागत नाही.